वन, टू आणि चितपट!

१४ डिसेंबर २०२५, रविवार. सकाळी आठ-साडेआठची वेळ, म्हणजे रविवारच्या हिशेबाने पहाटच. आमच्या शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप एरवी वाढदिवसाचे केक आणि गुड मॉर्निंगची फुलं यांच्यावर जगतो. त्या सकाळी तो अचानक पेटला. ‘हरला रे.’ ‘टॅप केलं त्यानं.’ ‘संपलं आपलं बालपण.’ एकाने तर काही न लिहिता नुसता रडका चेहरा टाकला. चौदा वेळा.

हे लिहिणारे कोण? एक बँकेत लोकांची कर्जं मंजूर करतो (बहुतेक वेळा नामंजूर). एक हिंजवडीत टीम लीड आहे. एक उस्मानाबादला सोयाबीनचा व्यापार बघतो. सगळे तिशीच्या उंबरठ्यावर, दोघांची पोटं उंबरठ्याच्या आधीच आत गेलेली. आणि झालं काय होतं? तर वॉशिंग्टनमध्ये जॉन सीना नावाचा ४८ वर्षांचा माणूस आपली शेवटची कुस्ती खेळला आणि गुंथर नावाच्या ऑस्ट्रियन पैलवानाने गळा आवळल्यावर त्याने हात आपटून हार मानली. ज्याने वीस-एक वर्षं ‘नेव्हर गिव्ह अप’ लिहिलेले टीशर्ट विकले, त्याने! म्हणून ही शोकसभा.

आता तुम्ही म्हणाल, अगं पण ते सगळं आधीच ठरलेलं असतं ना?

हो. असतं. बँकवाल्याला माहितेय, टीम लीडला माहितेय, मलाही माहितेय. कोण जिंकणार, कोण हरणार हे लिहिणारे लेखक असतात, त्यांना पगार मिळतो, कदाचित माझ्या मानधनापेक्षा बराच जास्त. तरीही त्या सकाळी चहा गार झाला तो झालाच. आज याच विषयावर बोलू. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांनी पान उलटू नका, तुमच्या घरात किंवा शेजारच्या क्युबिकलमध्ये यातला एक पेशंट नक्की सापडेल.

रँक, हाइट, चेस्ट, बायसेप्स

आमच्या पिढीला हा आजार दोन वाटांनी लागला. एक वाट ट्रम्प कार्डांची. मोठ्या भावंडांकडून वारशात आलेली, कोपरे मऊ झालेली, एखादं हरवलेलं असेल तर वहीच्या पुठ्ठ्यावर हाताने लिहून काढलेली ती कार्डं. प्रत्येकावर एक राक्षस आणि खाली आकडे. रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, किती लढती खेळल्या, किती जिंकल्या. वजनात योकोझुना कुणाला ऐकायचा नाही. उंचीत जायंट गोंझालेस हातात आला की पुढची दहा मिनिटं आपलीच. इंग्रजी आकडे, फूट-इंच आणि व्यवहारज्ञान हे तिन्ही विषय आमच्या गल्लीत शाळेआधी या कार्डांनी शिकवले.

दुसरी वाट केबलची. २००२ मध्ये टेन स्पोर्ट्स आलं आणि हे सगळे राक्षस हलायला-बोलायला लागले. त्याच वर्षी मे महिन्यात डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं, कारण तीच तीन अक्षरं पांडाचं चिन्ह लावणाऱ्या वन्यजीववाल्या संस्थेचीही होती, आणि कोर्टात पांडा जिंकला. आमच्याकडे मात्र अजून सगळे डब्ल्यूडब्ल्यूएफच म्हणतात. नावाचं काय घेऊन बसलात, आमचा जिल्हाच बघा. शाळेच्या वहीवर मी उस्मानाबाद लिहायचे, आजी आयुष्यभर धाराशिवच म्हणायची, आणि २०२३ मध्ये सरकारने आजीचं म्हणणं कागदावर आणलं. माणसाच्या तोंडात जे बसतं ते बसतं.

मराठवाड्यात टीव्ही बघणं हा लोडशेडिंगशी केलेला करार असायचा. अंडरटेकरची घंटा वाजली, लाइट निळे झाले, धूर आला आणि लाइट गेले. इथले खरे लाइट! मग ती कुस्ती कोण जिंकलं याच्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत परिसंवाद. ज्याच्या घरी इन्व्हर्टर, तो त्या दिवसाचा संजय. तो सांगेल ते महाभारत. त्यात तो आपल्या पदरचं काय-काय घालायचा हे आम्हाला फार नंतर कळलं.

अफवांचं तर विचारूच नका. अंडरटेकर मेलेला आहे आणि त्याला सात जन्म आहेत. अंडरटेकर दोन आहेत. आणि सगळ्यात मोठी, अक्षयकुमारने अंडरटेकरला हरवलंय! पुरावा म्हणून १९९६ चा ‘खिलाडियों का खिलाडी’. त्यातला अंडरटेकर म्हणजे ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता. पण गंमत अशी की हाच ब्रायन ली १९९४ मध्ये अमेरिकेतही नकली अंडरटेकर म्हणून रिंगमध्ये उतरला होता, खऱ्या अंडरटेकरसमोर. म्हणजे ‘दोन अंडरटेकर आहेत’ ही आमच्या गल्लीतली अफवा चक्क खरी निघाली. गूगल नसताना इतकी अचूक बातमीदारी! मासकॉमला दोन वर्षं घालवून मला हे जमलेलं नाही.

मग २००६ मध्ये आला आपला खली. हिमाचलच्या सिरमौरचा दलीपसिंह राणा. आला तोच अंडरटेकरला आडवा करून. पुढच्या वर्षी जुलैमध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. त्याला धड चालता येत नाही, अशी चेष्टा आज सगळे करतात. तेव्हा कुणी केली असती तर मार खाल्ला असता.

‘हे कुस्ती हाय व्हय?’

आमच्या घरी या सगळ्याला एकच विरोधी पक्ष होता. मामा. टीव्हीसमोर उभे राहून, कमरेवर हात ठेवून ते दोन मिनिटं बघायचे आणि निकाल द्यायचे, “हे काय बघायलीस गं पोरी? हे कुस्ती हाय व्हय? नुरा हाय नुरा.”

नुरा कुस्ती हा शब्द तुम्ही राजकारणाच्या बातम्यांत वाचला असेल. दोन पुढारी दिवसा भांडतात, रात्री एकत्र जेवतात, ती नुरा. शब्द मूळचा आखाड्यातला. आधी संगनमत करून खेळलेली कुस्ती. म्हणजे बघा, अमेरिकेत याला स्पोर्ट्स एंटरटेनमेंट म्हणतात आणि त्यावर अब्जावधी डॉलर कमावतात, आपल्याकडे त्याच गोष्टीला एक शिवी आहे.

आणि अमेरिकेनेही हे लपवून ठेवलेलं नव्हतं. १९८९ मध्ये कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःहून सांगितलं की आमच्या लढती ही करमणूक आहे, खेळ नाही. कारण एकदम व्यवहारी. खेळ म्हटलं की सरकारी आयोगाचे नियम आणि कर आले. म्हणजे आम्ही ज्याच्यावर जीव टाकला ते खोटं असल्याचं अधिकृत निवेदन आमच्या जन्माआधीच देऊन झालं होतं. आमच्यापर्यंत पोचायला जरा उशीर झाला, इतकंच. लोडशेडिंग!

पण खोटं म्हणजे किती खोटं? २८ जून १९९८ ला मिक फोली पिंजऱ्याच्या टपावरून खाली टेबलावर कोसळला तेव्हा निकाल ठरलेला होता, सोळा फुटांची उंची ठरलेली नव्हती, ती खरीच होती. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट दोरावरून रिंगमध्ये उतरताना पडला आणि गेला. खरोखर गेला. आणि जून २००७ मध्ये ख्रिस बेन्वाने बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारून स्वतःला संपवलं. नंतर डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला तर वर्षानुवर्षांच्या आघातांनी तो पार खिळखिळा झालेला होता. मी तेव्हा शाळेत होते. त्याचं कार्ड आमच्या डेकमध्ये होतं. भावाने ते काढून टाकलं नाही, फक्त सगळ्यात खाली ठेवलं. कंपनीनेही साधारण तेच केलं, त्याचं नाव घेणंच बंद केलं.

‘ओल्ड स्कूलच भारी होतं यार’ म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवते. आणि अजून एक. त्या सोनेरी काळात बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा कपडे फाडायच्या लढती यायच्या. ६ डिसेंबर २००४ ला लिटा आणि ट्रिश स्ट्रॅटस यांनी मंडे नाइट रॉची शेवटची, मानाची लढत खेळली आणि लिटा जिंकली, ती एक रात्र मुलींनी जपून ठेवावी अशी. पण ती अपवाद होती. त्यामुळे ‘ते दिवस परत यावेत’ असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, नक्की कुणाचे?

मामांचं ओल्ड स्कूल

मजा पुढेच आहे. टीव्हीला नुरा म्हणणारे मामा स्वतः माझ्या ग्रुपइतकेच आजारी आहेत. फक्त त्यांच्या कार्डांवर वेगळे चेहरे आहेत. हरिश्चंद्र बिराजदार हे त्यातलं रँक एकचं कार्ड. बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. आज तो लातूर जिल्हा, पण लातूर १९८२ मध्ये वेगळं झालं, तोपर्यंत सगळं उस्मानाबादच. त्यामुळे मामांच्या लेखी बिराजदार ‘आपल्या जिल्ह्याचे’, आणि या मुद्द्यावर चर्चा नाही. १९६९ ला महाराष्ट्र केसरी, १९७० ला एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. २०११ मध्ये ते गेले. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांचाच चेला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला त्याने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं आणि ते वस्तादांना वाहिलं. मामा तेव्हा टीव्हीसमोर रडले. कमरेवरचे हात खाली आलेले मी पहिल्यांदा पाहिले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या पाठोपाठ, महाराष्ट्र केसरी थेट आमच्या धाराशिवात आली. तुळजाभवानी स्टेडियमवर. मी सुट्टी दोन दिवस वाढवली (ऑफिसला व्हायरल सांगितलं, नोकरी होती तेव्हाची गोष्ट) आणि मामांबरोबर गेले. एकीकडे गादी, म्हणजे मॅट. एकीकडे लाल माती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी फंडा असा की मातीवरचे पैलवान आपसांत लढतात, गादीवरचे आपसांत, आणि दोन्हीकडचे विजेते गदेसाठी भिडतात. पण ही शेवटची कुस्ती होते गादीवर. मामांचा पहिला आक्षेप इथेच.

दुसरा आक्षेप घड्याळाला. तीन मिनिटं, तीस सेकंद विश्रांती, परत तीन मिनिटं. पाठ टेकली नाही तरी गुण मोजायचे, दहाचं अंतर पडलं की खेळ खल्लास. “पॉइंट मोजायलेत, पॉइंट. कुस्ती हाय का किराणा मालाचं बिल?” मामांच्या जुन्या कुस्तीत गुण नव्हते. समोरच्याची पाठ मातीला लावायची. चितपट. तोवर अर्धा तास लागो, तास लागो. खडाखडी चालू, हलगी चालू, फेटेवाले पंच भोवती फिरताहेत आणि माणसं झाडावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, देवळाच्या ओट्यावर श्वास धरून. मग एकदम कुणीतरी ढाक लावायचा, नाही तर घिस्सा मारायचा, आणि अख्खं मैदान उठायचं. मामांचं वर्णन ऐकताना मला सारखी अंडरटेकरची घंटा ऐकू येत होती. मी काही बोलले नाही. घरी परत जायचं होतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात मोठा. त्या वर्षी महाराष्ट्राला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. कुस्तीगीरांच्या संघटनेत फूट, दोन गट, दोन स्पर्धा, दोन गदा. १० नोव्हेंबरला पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत झोळी डावावर चितपट केलं. त्याच महिन्यात धाराशिवला त्याच शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा उचलली. म्हणजे एकच पैलवान एका महिन्यात महाराष्ट्र केसरी हरला पण आणि झाला पण! असं कथानक डब्ल्यूडब्ल्यूईच्या लेखकांनी लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, काहीही हां.

राक्षेचा यात काय दोष? पोरगं समोर येईल त्याच्याशी लढत होतं. पण मामा घरी येताना गप्प होते. फटफटीच्या मागे बसून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. शेवटी म्हणाले, “आमच्या वक्ताला केसरी एकच असायचा गं.”

पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला काय झालं ते तुम्ही मोबाइलवर पाहिलंच असेल. पृथ्वीराज मोहोळशी लढताना राक्षेला चितपट दिलं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत म्हणून तो पंचांशी भिडला, लाथेपर्यंत प्रकरण गेलं. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड पंचांवर चिडून मैदान सोडून गेला, मोहोळ विजयी ठरला. राक्षे आणि गायकवाडवर तीन वर्षांची बंदी आली. त्या रात्री मला आठवला ९ नोव्हेंबर १९९७ चा माँट्रियल. ब्रेट हार्टने हार मानलेलीच नव्हती आणि मालकाच्या इशाऱ्यावर घंटा वाजवली गेली. तिकडे फसवणूक होती आणि नंतर तिची कबुलीही आली, इकडे पंचांचा निर्णय आणि त्यावरचा वाद, दोन्ही गोष्टी एक नाहीत. पण बघणाऱ्याच्या पोटात जे होतं ते सेम टू सेम. आपण ज्यासाठी बसलो होतो तो निकाल आपल्याला मिळालाच नाही.

नेमकं काय मिस करतो?

मला वाटतं, गोची इथेच आहे. मामा मातीला मिस करत नाहीत आणि माझा ग्रुप सीनाला मिस करत नाही. दोघं निकालाला मिस करताहेत. वन, टू, थ्री किंवा चितपट. संपलं. कोण जिंकलं हे पोरासोरांनाही कळलं. आमच्या आयुष्यात हल्ली असं काही संपतच नाही. अप्रेझल होतं आणि ‘पुढच्या क्वार्टरला बघू’ होतं. घराचा हप्ता वीस वर्षं. नात्यांचं तर स्टेटसच ‘कॉम्प्लिकेटेड’. अशात कुणाची तरी पाठ जमिनीला लागते, हे बघायला मिळणं चैनीचं आहे.

पण हेही अर्धंच खरं. जरा खोदलं तर मामा कबूल करतात की जुन्या मैदानांत तास-तासभर कुस्ती चालायची आणि बरोबरीत सुटायची. इनाम अर्धं-अर्धं वाटलं जायचं. लोक बोंबलायचे. नुरा हा शब्द तेव्हाच्याच मैदानांनी दिलाय, टेन स्पोर्ट्सने नाही. गुण आले, घड्याळ आलं, ते काही अंशी याच रडगाण्यावर उपाय म्हणून. आठवणीत मात्र फक्त निकाली कुस्त्या उरतात. बरोबरीच्या गळून जातात. मुंबईच्या आजोबा लोकांना विचारा, वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगच्या कुस्त्या बघितलेल्या, त्यांच्याही आठवणीत कंटाळवाणी एकही नसते. १ एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूई भारतात नेटफ्लिक्सवर आहे, तिथे जाऊन मी जुन्या लढती सलग बघायला बसले. सांगते, त्यातल्या निम्म्या फॉरवर्ड कराव्या लागतात.

दादाचे कान

या सगळ्यात एक माणूस असा आहे ज्याला जुने दिवस आठवायचेच नाहीत. माझा मावसभाऊ. बेन्वाचं कार्ड खाली ठेवणारा तोच. दहावीनंतर तो कोल्हापूरला तालमीत गेला. पहाटे जोर-बैठका, दुपारी झोप, संध्याकाळी माती. घरून दर महिन्याला खुराकाचे पैसे जायचे. दूध, तूप, बदाम. आमच्याकडे पाऊस नसला की पहिल्यांदा बदाम कमी व्हायचे. होळी झाली की जत्रांचा हंगाम. या गावची शेवटून तिसरी कुस्ती, त्या गावची शेवटून दुसरी. जोड लागायची, इनाम ठरायचं, एसटीने जायचं, लढायचं, एसटीने यायचं. त्याचे दोन्ही कान मोडलेले आहेत, मुडपलेल्या पुरीसारखे. आमच्याकडे लग्नाच्या बायोडाटात लिहायला नको, नुसता फोटो पुरतो.

२०२० मध्ये कोरोना आला. जत्रा बंद. २०२१ मध्ये परत बंद. पैलवानाचं वय मोजून दहा वर्षं, त्यातली दोन अशी गेली. खुराक थांबला नाही, कारण शरीराला लॉकडाऊन कळत नाही. उसनवारी वाढली. २०२२ मध्ये मैदानं परत भरली तेव्हा दादा पुण्यात एका कारखान्यात शिफ्टला लागला होता. अजून तिथेच आहे. मोडलेल्या कानांमुळे सगळे त्याला पैलवान म्हणतात, तो ओ देतो.

जत्रेत तो आता कुस्तीला बसत नाही. देवदर्शन करतो आणि निघतो. का, विचारलं तर म्हणाला, “बसवत नाही गं. अंग उठतं.” पण रात्रपाळीच्या बसमध्ये तो मोबाइलवर काय बघतो माहितेय? मिक फोली. मी हसले. “तुला हे नुरा चालतं?” तर म्हणाला, “त्यांच्यात हरणाऱ्याचं पण नाव होतं. पडायचा पण पगार असतो. आमच्यात हरला की एसटीचं तिकीट आपलं आपण काढायचं.”

यावर मला काही सुचलं नाही. शंभर ट्रम्प कार्डांत हा कॉलम कुठेच नव्हता. लढती किती, जिंकल्या किती हे होतं. हरलेल्या लढतींचं पुढे काय झालं, हे कुणी छापलं नव्हतं.

तर मग काय करायचं?

नॉस्टॅल्जिया वाईट नाही. पण तो फुकट आहे, ही त्याची अडचण. आपण सीनाचा फोटो स्टेटसला ठेवतो, मामा बिराजदारांच्या गोष्टी सांगतात, आणि तेवढ्यात कुठल्या तरी गावात बारा वर्षांचं पोरगं लंगोट कसून रेवड्यांच्या कुस्तीला उतरतं. आता पोरीही उतरतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आमच्या लहानपणी बायकांनी कुस्ती बघायची ती गच्चीवरून. आता मुलीची जोड लागली की मैदानातच बायका पुढे सरकून बसतात.

आणि मैदानात एक छान पद्धत आहे, जी कुठल्याही ओटीटीवर नाही. तुम्हाला एखाद्याची कुस्ती आवडली, तर तुम्ही उठून माइकवाल्याकडे जायचं आणि आपल्या खिशातून बक्षीस लावायचं. ‘अमुक गावच्या अमक्यांकडून एकशे एक रुपये!’ हलगी कडकडते, पोरगं तुमच्याकडे बघून हात जोडतं. लाइक, शेअर, सबस्क्राइब हे सगळं त्यात आलं. कुणीही लावू शकतं. जिंकणाऱ्यालाच लावलं पाहिजे, असाही नियम नाही.

म्हणून या चैत्रात मी मामांबरोबर जाणारे. पाचशे एक रुपये बाजूला काढलेत, एका पिझ्झाचे. मी ठरवलंय की ते हरणाऱ्याला लावायचे, चांगला लढून हरणाऱ्याला. मामा म्हणाले, “असं कुणी करतं व्हय?” मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “माझे बी शंभर धर त्यात.” दादाला अजून विचारलेलं नाही. विचारेन. तो बसला नाही तरी चालेल, माइकवाल्याला नाव त्याचं सांगणारे.

तुमच्या गावची जत्रा कधी असते? माहीत नसेल तर आजच घरी फोन करा, आई तिथीसकट सांगेल. मग कॅलेंडरमध्ये ब्लॉक करून टाका. मॅनेजरने विचारलं तर सांगा, क्लायंट मीटिंग आहे. मातीत.